वन्स मोअर द्यायला काय हरकत होती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खरं तर हे पत्र तुम्हाला लिहायचंच नव्हतं. फीडबॅक आयोजकांनीच मागितला होता, कार्यक्रम संपल्यावर दाराशी क्यूआर कोड चिकटवलेला, स्कॅन करा आणि दोन मिनिटांत भरा म्हणे. पण त्या फॉर्ममध्ये पाच चांदण्या आणि त्याखाली एक इवलासा चौकोन, दोनशे अक्षरं झाली की पुढे टाइपच होईना. माझं म्हणणं दोनशे अक्षरांत मावणारं नाही, म्हणून वाचकांच्या पत्रांसाठी तुमच्याकडे पाठवतेय, जागा नसेल तर कापायचं तिथे कापा.

मागच्या महिन्यात एका शनिवारी नौपाड्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये ‘आपल्या आवडीचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवा’ असा कार्यक्रम होता. कल्पना सोपी. प्रत्येकाने आपल्याला आवडलेला इंटरनेटवरचा एक व्हिडिओ आणायचा, तीन मिनिटांच्या आतला, स्टेजवर येऊन दोन वाक्यं बोलायची आणि मग तो मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी मिळून बघायचा. तिकीट नाही, दारात एक पेटी ठेवलेली, वाटलं तर टाका. माझा भाचा घेऊन गेला मला, मी म्हटलं अरे मोबाइलवर फुकट दिसतं ते बघायला पावसात रिक्षाचे पैसे घालवून कशाला जायचं? पण गेले, आणि आता सांगते की परत असेल तर परत जाईन. हे आधी लिहितेय, कारण पुढे तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्या पोरांना वाटायला नको की मावशी नुसती खोड काढायला बसलीय.

साधारण ऐंशी माणसं होती. कॉलेजची मुलं होती, तलावपाळीवर संध्याकाळी फेऱ्या मारणारे आमच्या वयाचे लोक होते, एक बाई तर मांडीवर भाजीची पिशवी घेऊनच बसल्या होत्या.

आता मुद्दा. एका मुलीने मालवणी आजीचा व्हिडिओ आणला होता, आजी अंगणात कोंबड्याला झापतेय, एवढंच. पण आजीच्या पहिल्याच वाक्याला हॉल असा फुटला की पुढची तीन वाक्यं कुणालाच ऐकू आली नाहीत, आजी बोलतेय, कोंबडा मान वाकडी करून ऐकतोय आणि आम्ही हसतोय, आणि हसू ओसरेपर्यंत व्हिडिओ संपला पण. मी बँकेत नोकरीला होते तेव्हा आमच्या आंतरबँक एकांकिका स्पर्धा असायच्या, मी बहुतेक वेळा विंगेतच, प्रॉपर्टी म्हणजे नाटकातल्या वस्तू सांभाळायला, पण एकदा छोटी भूमिका मिळाली होती. तेव्हा दिग्दर्शकाने पहिली गोष्ट शिकवली ती ही, की लाफ्टर आला की थांबायचं, तो उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं, नाहीतर वाक्य लाफ्टरमध्ये जातं. गडकरी रंगायतनला 1978 पासून नाटकं बघणाऱ्या ठाणेकरांना हे वेगळं सांगायला नको. नट प्रेक्षकांसाठी थांबतो. व्हिडिओ कुणासाठी थांबत नाही! त्यातून हे व्हिडिओ बनवणारे दोन वाक्यांमधला श्वाससुद्धा कापून टाकतात, कारण ते एका माणसाने एकट्याने इअरफोन लावून बघायचं म्हणूनच बनवलेलं असतं, आणि एकटा माणूस मोबाइलकडे बघून फार तर नाकातून फुसकन हसतो, त्याला थांबायची जागा लागत नाही. ऐंशी माणसांना लागते.

म्हणून मी ओरडले, वन्स मोअर! मागून अजून तीन-चार जण ओरडले. सूत्रसंचालक ताईंनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, वेळेचं बंधन आहे, पुढे जाऊया, त्याआधी एकदा जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत.

अहो, संगीत नाटकाच्या परंपरेतली माणसं आपण. बालगंधर्वांच्या काळात एकेका पदाला वन्स मोअर घेत घेत नाटक पहाटेपर्यंत चालायचं, गाणाऱ्याचा घसा तिथे पणाला लागायचा. इथे तर नुसतं बटण परत दाबायचंय, पाऊण मिनिटाचा व्हिडिओ! आणि वेळेचं बंधन म्हणाल तर सुरुवातीला ताईंनीच इंटरनेट व्हिडिओच्या इतिहासावर अकरा मिनिटं घेतली, भाच्याने मोजली. त्यात यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ दाखवला, 23 एप्रिल 2005 चा, सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात यूट्यूबच्या तीन संस्थापकांपैकी जावेद करीम हत्तींसमोर उभा राहून यांची सोंड किती लांब आहे बघा असं काहीतरी बोलतो, संपलं. तो अख्खा व्हिडिओ 19 सेकंदांचा आहे. 19 सेकंदांच्या गोष्टीवर अकरा मिनिटं आणि आजीला वन्स मोअर नाही, हा कुठला हिशोब?

माझी पहिली सूचना म्हणूनच ही आहे, की हॉलने मागितला तर वन्स मोअर द्या. सव्वीस जणांनी नावं दिली होती, त्यातले सतरा व्हिडिओ झाले. चौदा करा, पण नीट करा.

दुसरं, तालीम. नाटकवाले प्रयोगाआधी लाइट-साउंडची टेक्निकल घेतात, इथे ती झालेलीच नव्हती हे पहिल्या दहा मिनिटांत कळलं. कुणाचा आवाज कानठळ्या बसवणारा, कुणाचा ऐकूच येईना, आणि साउंडवाला बिचारा प्रत्येक वेळी दचकून नॉब फिरवतोय. भाच्याने सांगितलं की यूट्यूब मोठ्या आवाजाचे व्हिडिओ स्वतःहून खाली आणतं पण बारीक आवाजाचे वर नेत नाही, त्यामुळे घरात मोबाइलवर शूट केलेले बारीकच राहतात. मग आदल्या दिवशी सगळे एकदा लावून प्रत्येकाचा आवाज कागदावर लिहून ठेवायचा की नाही? आणि थेट इंटरनेटवरून लावल्यामुळे मधूनच जाहिरात, एका काकांनी अगदी डोळ्यांत पाणी आणून गावच्या घराबद्दल दोन शब्द सांगितले आणि पडद्यावर आलं डिटर्जंट. पाच सेकंद थांबून मग स्किप. तोवर काकांचा मूड गेला.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले व्हिडिओ तर मोठ्या पडद्यावर लावूच नयेत या मताला मी आले. पाठवताना ते दाबले जातात, हातातल्या स्क्रीनवर चालून जातं, पण बारा फुटी पडद्यावर माणसाच्या जागी नुसते चौकोन हलताना दिसतात. चेंदणी कोळीवाड्यातल्या एका मावशींचा बोंबील साफ करतानाचा व्हिडिओ होता, हात काय सुंदर चालत होता त्यांचा, पण पडद्यावर बोंबील कुठे संपतो आणि बोट कुठे सुरू होतं हेच कळेना. आणि उभे व्हिडिओ! पडदा आडवा, व्हिडिओ उभा, दोन्हीकडे काळं. भाच्याने लगेच गणित करून सांगितलं की अशाने पडद्याचा एक तृतीयांशसुद्धा भाग वापरला जात नाही. मागच्या रांगेला काय दिसणार, डोंबल? सगळे आडवेच आणा असं मी म्हणत नाही, उभं शूट करणं हीच आता रीत झालीय, पण मग मागच्या खुर्च्या पुढे घ्या, लोकांना जमिनीवर सतरंजीवर बसवा, आम्ही बसू. आमचे गुडघे आमचं आम्ही बघून घेऊ.

गुडघ्यांवरून आठवलं. एका गृहस्थांनी आपला फोनच पडद्याला जोडला आणि शोधायला टाइप करायला लागल्याबरोबर त्यांनी आधी काय काय शोधलंय ते सगळं खाली धडाधड आलं, गुडघेदुखीवर घरगुती उपाय, जावयाला काय गिफ्ट द्यावं, घोरणं कसं थांबवावं. वर बायकोचा मेसेज, येताना दूध. हॉल इतका हसला की त्यांच्या व्हिडिओची गरजच उरली नाही, आणि त्यांनीही ते मजेत घेतलं. पण सगळेच मजेत घेतील असं नाही, पडद्यावर कुणाचं काय उघडं पडेल सांगता येत नाही, आयोजकांनी लिंक आधी मागवून एकाच लॅपटॉपवरून लावाव्यात.

आता आवडलेलं. घरी आपल्याला कुणी मोबाइलवर काही दाखवतं ना, तेव्हा तो स्वतः स्क्रीन बघत नाही, आपल्या तोंडाकडे बघत बसतो, हसली का, आता हसेल, आणि आपल्याला नाही आलं हसू तरी त्याच्यासाठी हसावं लागतं. इथे तेच, फक्त तो माणूस स्टेजच्या कडेला उभा राहून ऐंशी तोंडांकडे बघत असतो. मी तर शेवटी शेवटी पडद्यापेक्षा त्यांच्याकडेच जास्त बघत होते. काही जणांना राहवत नव्हतं, आता बघा हां, आता तो पडणार, असं आधीच सांगून टाकायचे (घरोघरी असा एक असतोच). पण एक कॉलेजचा मुलगा, ज्याने कुठल्या तरी परदेशी गालिचा धुणाऱ्याचा व्हिडिओ आणला होता, नुसतं पाणी आणि ब्रश, काळा गालिचा हळूहळू लाल होतो, तो एवढंच म्हणाला, परीक्षेच्या आदल्या रात्री मी हे बघतो. आणि अडीच मिनिटं अख्खा हॉल गप्प. शेजारच्या भाजीच्या पिशवीवाल्या बाई हळूच म्हणाल्या, अजून कोपरा राहिलाय. कोपरा धुतला गेला तेव्हा टाळ्या पडल्या, न मागता.

सगळ्यात लक्षात राहिला तो मात्र शेवटून दुसरा. चाळिशीचे एक गृहस्थ आले आणि म्हणाले, याला 43 व्ह्यूज आहेत, त्यातले निम्मे माझेच असतील. व्हिडिओत त्यांचे वडील पितळी स्टोव्ह दुरुस्त करतायत, वॉशर बदलणं, पिन मारणं, पंप मारून ज्योत निळी आणणं, कॅमेरा कुणीतरी हातात धरलाय तो हलतोय, आणि म्हातारबाबा मधेच कॅमेऱ्यामागच्या माणसाला म्हणतात, तू लक्ष देतोयस का? आज रॉकेलचा स्टोव्ह कोण दुरुस्त करतंय! पण आमच्या वयाचे सगळे त्या पंपाच्या आवाजाबरोबर सरसावून बसले, मला तर रॉकेलचा वास आला, खरंच आला. त्याला मी वन्स मोअर मागितला नाही, का कोण जाणे. भाचा नंतर म्हणाला, मावशी गंमत बघ, ऐंशी जणांनी बघितला पण आकडा वाढला असेल तर एकानेच, लावला एकाच मशीनवर ना.

आणि इथे माझी शेवटची आणि खरी तक्रार. एकाही व्हिडिओच्या आधी किंवा नंतर तो कुणी बनवलाय ते पडद्यावर आलं नाही. दाखवणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात, बनवणाऱ्याचं कुठेच नाही. नाटकाच्या जाहिरातीत नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा सगळ्यांची नावं वाचत वाढलो आम्ही. शिवाय यूट्यूबच्या अटींत सरळ लिहिलंय की तिथलं बघणं वैयक्तिक, बिनव्यापारी वापरासाठी आहे, तेव्हा हॉलमध्ये पेटी ठेवून दाखवताय तर बनवणाऱ्याला आधी एक मेसेज टाकून विचारायला काय जातं? मालवणी आजीचा व्हिडिओ बनवणारी तिची नात काय नाही म्हणणार होती? उलट आजीला घेऊन आली असती.

मी आयोजकांना फोन करून सगळ्या व्हिडिओंची यादी मागितली तर म्हणाले, यादी तशी केलेली नाही, लिंका ग्रुपवर कुठेतरी असतील. ज्या गावात 1893 पासून मराठी ग्रंथसंग्रहालय पुस्तकांच्या नोंदी ठेवतंय तिथे सतरा व्हिडिओंची एक यादी होऊ नये? एका कागदावर, व्हिडिओचं नाव, बनवणारा, आणणारा. दाराशी क्यूआर कोड लावलाच होता, तो चांदण्यांऐवजी यादीचा लावायचा.

शेवटी स्टोव्हचा व्हिडिओ भाच्यानेच शोधून दिला, चार दिवस लागले त्याला, कारण त्याचं नाव नुसतं ‘स्टोव्ह 2’ आहे. मी उघडला तेव्हा खाली आकडा 61 होता, म्हणजे हॉलमधले आणखी काही जण माझ्यासारखेच शोधत बसले असणार. ‘स्टोव्ह 1’ मात्र अजून सापडलेला नाही. त्या गृहस्थांनी हे पत्र वाचलं तर कृपया तेवढी लिंक आयोजकांकडे द्यावी.

आपली,
एक नियमित वाचक,
पाचपाखाडी, ठाणे