बेघरांच्या मोजणीत मदतीसाठी सोसायटीतून इच्छुकांची नावं घ्यावीत, याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
दादर (पश्चिम), मुंबई.

मा. अध्यक्षसाहेब,
सप्रेम नमस्कार.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. आपल्या घरांची मोजणी व्हायला अडचण येणार नाही. प्रगणकांना गेटवर अडवू नका, एवढं वॉचमनला बजावलं की झालं. हे पत्र आहे ते आपल्या कंपाउंडबाहेर झोपणाऱ्यांबद्दल.

मागच्या खेपेला बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारी 2011 च्या एका रात्रीत उरकली. देशात 17 लाख 73 हजारांच्या आसपास आणि मुंबईत सुमारे 57 हजार बेघर नोंदले गेले. त्यात कितीजण निसटले असतील, याचा अंदाज आपल्याच गल्लीवरून येतो. दिवसा त्यांची खूणही दिसत नाही. अंथरुणाची वळकटी निळ्या ताडपत्रीत बांधून झाडाच्या बेचक्यात नाहीतर बसस्टॉपच्या छपरावर सारलेली असते. दुकानांची शटर पडली की माणसं येतात आणि पहाटे भाजीचे टेम्पो लागायच्या आत उठून जातात. बायका शक्यतो एटीएमच्या उजेडाला किंवा देवळाच्या पायरीशी, भिंतीकडे तोंड करून झोपतात. प्रगणक तासभर लवकर आला तरी त्याला रिकामा फुटपाथ दिसेल.

उलटीही गफलत होते. सेनापती बापट मार्गावर गोणीला टेकून डुलकी काढणारा भाजीवाला किंवा टॅक्सीत सीट पाडून झोपलेला ड्रायव्हर बेघर असेलच असं नाही. हा फरक परक्या माणसाला कसा कळणार? तो कळतो आपल्या रात्रपाळीच्या वॉचमनला, पहाटे शिवाजी पार्कला निघणाऱ्यांना आणि रात्री उशिरा कुत्रा फिरवणाऱ्या सी विंगच्या काकांना. (काकांना गल्लीतलं सगळंच कळतं, ते सोडा.) बेघर कुठे झोपतात त्या जागा मोजणीच्या रात्रीआधीच हेरून ठेवायच्या असतात. तिथे आपला उपयोग आहे. फॉर्म भरणं हे मात्र प्रगणकाचंच काम, त्यात आपण हात घालायचा नाही.

मागच्या सभेत एका सभासदांनी शंका काढली होती, की एकदा मोजले की हे लोक इथेच ठाण मांडतील. मोजणीत नाव आल्याने फुटपाथवर हक्क लागत नाही. शिवाय 1948 च्या जनगणना कायद्याने ही माहिती गोपनीय असते, कोर्टात पुरावा म्हणूनही ती चालत नाही. बेघरांचा आकडा हवा तो निवारे मागण्यासाठी. दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारा एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलं. 2011 ची मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख धरली, तरी सव्वाशेच्या घरात निवारे व्हायला हवेत. आज त्याच्या जवळपासही नाहीत. आपण तक्रार करतो, गाडी येते, सामान उचलून नेते आणि ती माणसं पुढच्या गल्लीत पथारी पसरतात. मग तिथली सोसायटी तक्रार करते. कागदावर माणसंच नसतील, तर निवारा मागायचा कुणासाठी?

तेव्हा विनंती अशी, की नोटीस बोर्डावर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना लावून इच्छुकांची नावं घ्यावीत. सोसायटीच्या लेटरहेडवर वॉर्ड ऑफिसला पत्र द्यावं, की आमचे इतके सभासद जागा दाखवायला आणि रात्री प्रगणकासोबत चालायला तयार आहेत. परवानगी मिळाली तरच जायचं. एकट्याने कुणी फिरू नये, झोपलेल्यांच्या तोंडावर टॉर्च मारू नये आणि फोटो तर अजिबात काढू नयेत. ग्रुपवर ब्लँकेटवाटपाचे फोटो कसे पडतात ते आपण पाहिलंच आहे.

रात्रपाळीच्या वॉचमनला त्या रात्री सोबत न्यायचं झालं, तर बदली माणसाचा खर्च मी देईन. सूचनेचा मसुदा तयार आहे. रविवारच्या मीटिंगमध्ये विषय घेणार असाल तर आदल्या दिवशी ऑफिसात आणून देते.

कळावे,
आपली,
बी विंगमधील एक सभासद