शाळेतले सुतारकाम बंद नको, पण उघड्या कटरवरही नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ज्या हस्तव्यवसायांची नावे घेतली, त्यांत सुतारकाम आहे. २०२३ च्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यानेही व्यवसाय शिक्षणाला सहावीपासून दहावीपर्यंत स्वतंत्र जागा दिली. वर्ध्याची १९३७ ची गांधीजींच्या नई तालीमची परिषद आणि डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला सुरू केलेला विज्ञान आश्रम ज्या राज्यात झाला, तिथे हाताने काम करत शिकणे ही परकी कल्पना नव्हे. तरीही अनेक हायस्कुलांत सुतारकामाच्या खोलीला कुलूप असते. कुलूप निघतेच तेव्हा पुष्कळदा घाईने आणलेली यंत्रे आत येतात, आणि आम्हाला जास्त भीती त्यांचीच वाटते.

टेबलाला खाच पाडून त्याखाली उलटा बसवलेला मार्बल कटर (फरशी कापायचे यंत्र) गावोगावच्या सुतारांकडे दिसतो. चार इंची दातेरी पाते मिनिटाला १२,००० च्या आसपास फेरे घेते, म्हणजे त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे २३० किलोमीटर होतो. वर झाकण नाही. पात्याच्या मागे लाकडाची चीर उघडी ठेवणारी पोलादी पट्टीही नाही. फळी किंचित तिरकी गेली की चीर मिटते, पात्याची मागची बाजू लाकडात आवळली जाते आणि फळी ढकलणाऱ्याच्याच अंगावर उसळते. हात पुढे ढकलण्याच्या जोरात असतो, फळी निसटताच तो थेट पात्यावर जातो. घासकामाच्या हातग्राइंडरला लाकूड कापायचे पाते लावणे याहून वाईट, कारण ते यंत्र मुळात त्या पात्यासाठी बनलेलेच नसते. या दोन्ही गोष्टी शाळेच्या आवारात पूर्ण बंद असाव्यात, निदेशकाच्या वापरासाठीसुद्धा. मुले जे बघतात तेच घरी जाऊन करतात.

हायस्कूलचे सुतारकाम हातहत्यारांवर उत्तम चालते. वीस मुलांच्या तुकडीला दहा बाके, दहा व्हाइस (बाकाला लावलेले, लाकूड आवळून धरणारे शिकंजे), दहा बारीक दातांच्या छोट्या करवती, दहा गुण्ये, १२ आणि १८ मिलिमीटरच्या मिळून वीस पटाशा, पाच रंधे आणि वीस सी-क्लँप पुरतात. बाकांवर वीसच्या वर मुले एका शिक्षकाकडे देऊ नयेत. साठांच्या वर्गाच्या तीन तुकड्या कराव्यात. एक बाकांवर, उरलेल्या दोन दुसऱ्या शिक्षकाकडे आराखडा आणि मोजमाप करत. ३५ मिनिटांची एक तासिका देणे म्हणजे अपघाताला आमंत्रण आहे. हत्यारे वाटण्यात आणि परत घेण्यात वीस मिनिटे जातात, उरलेल्या पंधरांत मुले घाईने कापतात. सलग दोन तासिका हव्यात.

बाकाच्या उंचीकडे कोणी लक्ष देत नाही. मोठ्या माणसाच्या मापाचे ८५ सेंटिमीटरचे बाक आठवीच्या मुलाला उंच पडते. मग खांदा वर जातो, मनगट वाकते आणि करवत भरकटते. ७० ते ७५ सेंटिमीटर बरे, किंवा पायाखाली १० सेंटिमीटरचा भक्कम लाकडी पाट द्यावा.

हाताने कापणे म्हणजे धोका नाही असे मात्र नाही. पुष्कळ जखमा पटाशीने होतात, आणि त्या बहुधा डाव्या हाताला होतात. उजव्या हाताने पटाशी चालवताना लाकूड डाव्या हाताने समोरून धरलेले असते. ती घसरली की सरळ तळव्यात जाते. म्हणून नियम एकच: लाकूड व्हाइसमध्ये किंवा क्लँपखाली, दोन्ही हात धारेच्या मागे. आमचे कसलेले सुतार जमिनीवर बसून पायाने लाकूड धरतात, ते वर्षानुवर्षांच्या सरावाचे कसब आहे. तेराव्या वर्षी त्याची नक्कल करू देऊ नये.

मुलांना बोथट पटाशी द्यावी म्हणजे लागणार नाही, हा संस्थाचालकांचा समज उलटा आहे. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, आणि जोराने सुटलेले हत्यार कुठे जाईल हे कोणाच्या हातात राहत नाही. २५ अंशांचा उतार घासून शेवटची कड ऑइलस्टोनवर (तेल घालून धार लावायच्या दगडावर) ३० अंशांनी लावावी. धार बघायची ती मऊ लाकडाच्या कापलेल्या माथ्यावर. तिथे गुळगुळीत सोलपट निघाले तर धार आहे, भुगा पडला तर नाही. अंगठ्यावर धार बघणाऱ्या शिक्षकाची सवय मुले लगेच उचलतात. आठवीला धार शिक्षकाने लावावी, नववीपासून मुलांना शिकवावी.

पहिले काम म्हणून मोबाइल स्टँड किंवा पेनपात्र करायला देतात. त्यापेक्षा बेंच हुक, म्हणजे कापताना लाकूड टेकवायची बाकावरची छोटी फळी, करू द्यावा, कारण पुढची सगळी कापणी त्यावरच होते. २५० बाय १५० बाय १८ मिलिमीटरची एक फळी, ४० बाय २० च्या दोन पट्ट्या: खालची १५० लांब, ती बाकाच्या कडेला अडते, वरची १२५ लांब, तिच्यावर लाकूड टेकते. वरची पट्टी २५ मिलिमीटरने आखूड असते ती करवत फळीवर उतरावी, बाकावर नव्हे म्हणून. पट्ट्या फेविकॉल आणि ८ मिलिमीटरच्या लाकडी खुंट्यांनी बसवाव्यात. स्क्रू लावले तर पुढेमागे करवतीचे दात त्यांवर आदळतात. तीन जोडतासिकांत हे होते, आणि आखणे, गुण्या लावणे, कापणे, भोक पाडणे सगळे त्यात येते. कापणी सुरू करताना अंगठ्याचा आधार द्यायचा तो दातांच्या वर, करवतीच्या सपाट बाजूला. आधी दोन-तीनदा हलके मागे ओढून खाच पाडायची, मगच पुढे ढकलायचे.

लाकूड शिवण किंवा पाइन असावे. पॅकिंगची खोकी वापरायची तर ‘एचटी’ (उष्णता देऊन कीड मारलेली) शिक्का असलेलीच घ्यावीत. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ती नकोत. लपलेले खिळे आधी काढावेत. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला तक्ता) स्वस्त पडते, पण त्याची धूळ फार बारीक आणि त्यात फॉर्मल्डिहाइडची राळ. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच कर्करोगकारक ठरवले आहे, तेव्हा भुसा फुंकून किंवा कोरडा झाडून उडवू नये. ओल्या फडक्याने टिपावा. जवसाचे तेल लावलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेटू शकतात, ती बाहेर पसरून वाळवावीत.

शिस्तीबद्दल. छडीने कार्यशाळेत शिस्त येत नाही. घाबरलेल्या मुलाचा हात थरथरतो. भिंतीवर हत्यारांचा फळा असावा, प्रत्येक हत्याराच्या आकृतीवर ते हत्यार. तास संपताना मोजणी, आणि मोजणी जुळेपर्यंत दार बंद. पटाशी नेताना धार खाली, देताना मूठ पुढे. ओढणी खोचलेली, केस बांधलेले, पायात बूट, कानात इअरफोन नाहीत. ‘थांबा’ म्हटले की सगळ्यांनी हत्यार खाली ठेवायचे, याचा सराव पहिल्याच दिवशी घ्यावा. जो मस्करी करेल त्याचे त्या दिवशीचे बाक जाते, तो मोजमाप करत बसतो. पण झाडलोट ही शिक्षा म्हणून कधीही देऊ नये. ती कामाचाच भाग आहे, तिची पाळी सगळ्यांना, मुलींना नि मुलांना सारखी.

नववी-दहावीला उभे ड्रिल यंत्र द्यायला हरकत नाही. एका वेळी एकच मूल, लाकूड क्लँपमध्ये, हातमोजे नाहीत, मनगटावरचे कडे नि गंडे-दोरे काढलेले, कारण फिरते यंत्र कापड आणि धागा गुंडाळून हात आत ओढते. यंत्राला वीज गेल्यावर आपोआप बंद पडणारा आणि परत आल्यावर बंदच राहणारा स्विच हवा. लोडशेडिंगच्या गावात हा स्विच नसेल तर वीज येताच यंत्र अचानक फिरू लागते, तेव्हा मूल कदाचित चकमध्ये (यंत्राच्या पकडीत) ड्रिल बसवत असते. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हेही हवेत.

जखम झालीच तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे न उघडता दाबून धरावे, हात वर ठेवावा, हळद भरू नये. बोट हलत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर जखम लहान दिसली तरी दवाखान्यात न्यावे. प्रत्येक खरचटण्याची नोंद वहीत करावी: तारीख, हत्यार, नेमकी कृती. महिन्याभरात ती वहीच सांगते की कोणते हत्यार बोथट झाले आहे.

हे सारे करायला माणूस लागतो. आयटीआयचा सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आणि त्यावर निदेशक प्रशिक्षण घेतलेले तरुण आहेत, पण अनेक शाळांत त्यांच्यासाठी जागा मंजूर नाहीत. धोरणाने स्थानिक कारागिरांना ‘मास्टर इन्स्ट्रक्टर’ म्हणून घ्यायची मुभा दिली आहे. त्यांना जरूर घ्यावे, मानधन वेळेवर द्यावे, आणि वर्गात पाठवण्याआधी मुलांसोबतच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षण द्यावे. पीटीच्या किंवा चित्रकलेच्या शिक्षकाकडे किल्ली सोपवून हे काम होणार नाही.

शिक्षण विभागाकडे आमची मागणी अशी: जूनमध्ये शाळा भरण्यापूर्वी प्रत्येक कार्यशाळेची तपासणी करावी, उलटे कटर आणि पाते लावलेले ग्राइंडर काढून घ्यावेत, आणि त्याच भेटीत किती व्हाइस, किती बाके आणि किती प्रशिक्षित निदेशक कमी आहेत याची यादी करून ती जाहीर करावी.

आपले,
हायस्कुलांत सुतारकाम शिकवणारे काही निदेशक