नैतिकता मोजता येते, आधी दर बघा

संपादक महोदय,

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात जागतिक निर्णयांवर लेख होता, त्यात शेवटी म्हटलं होतं की नैतिकता ही मोजायची गोष्टच नाही. मी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यातली निम्मी कर्ज खात्यात, त्यामुळे हे वाचून चहा तसाच राहिला. मोजता येते की! फक्त ती भाषणात शोधायची नाही, हिशोबाच्या तक्त्यात शोधायची.

हवामान बदलाचंच घ्या. खर्च आज आपण करायचा आणि फायदा नातवंडा-पतवंडांना, मग त्यांचं नुकसान आजच्या पैशात किती धरायचं? आम्ही याला प्रेझेंट व्हॅल्यू म्हणायचो, त्याला एक डिस्काउंट रेट लागतो, म्हणजे पुढची रक्कम आजच्या हिशोबात दरवर्षी किती टक्क्याने कमी धरायची तो दर. अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांनी २००६ मध्ये ब्रिटिश सरकारला रिपोर्ट दिला त्यात हा दर साधारण १.४ टक्के, आणि अमेरिकेचे अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस (यांना २०१८ चं नोबेल मिळालं) साडेपाचच्या आसपास धरत होते. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. १०० वर्षांनी होणारं १०० रुपयांचं नुकसान स्टर्नच्या दराने आज २५ रुपयांचं भरतं आणि साडेपाच टक्क्याने फक्त ४७ पैशांचं!! म्हणून एक म्हणतो आत्ताच जोरात खर्च करा, दुसरा म्हणतो हळूहळू वाढवत न्या. नॉर्डहाउसचं म्हणणं असं की बाजारात पैशाला जो परतावा मिळतो तोच दर धरायचा, आणि खरं सांगतो, बँकेत मीही तेच केलं असतं, पण कर्जदार समोर बसलेला असतो आणि पतवंडं अजून जन्मालाच यायचीत. केंब्रिजचा गणितज्ञ फ्रँक रॅम्सी याने १९२८ मध्येच लिहून ठेवलंय की पुढचं सुख निव्वळ पुढचं आहे म्हणून कमी धरणं नैतिकदृष्ट्या टिकत नाही. वय वर्षं २५. असो.

आता अमेरिकन सरकार बघा. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला तर जगाचं किती डॉलरचं नुकसान, असा आकडा ते काढायचे आणि गाड्यांपासून वीज केंद्रांपर्यंतचे नियम ठरवताना वापरायचे. ओबामांच्या काळात तो चाळीसच्या घरात होता. २०१७ नंतर ट्रम्प सरकारने फक्त अमेरिकेतलं नुकसान मोजायचं ठरवलं, वरून दर ३ आणि ७ टक्के धरला, आकडा आला १ ते ७ डॉलर. बायडनच्या काळात आधी ५१ झाला आणि २०२३ मध्ये त्यांच्या पर्यावरण खात्याने २ टक्के दर धरून १९० केला. धूर तोच, टन तोच, बदललं काय तर कोणाला मोजायचं आणि किती लांबचं मोजायचं. आता हा १ पासून १९० पर्यंतचा फरक नैतिकतेचं माप नाही तर काय आहे? (नवीन संशोधनानेही आकडा वाढला, ते मान्य.)

आणि आपलाही यात संबंध आहे बरं का. १९९५ मध्ये आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची शास्त्रज्ञांची समिती) अहवालासाठी जे हिशोब चालले होते त्यात श्रीमंत देशातला माणूस मेला तर १५ लाख डॉलर आणि गरीब देशातला मेला तर १ लाख, असे आकडे होते. म्हणजे त्यांचा एक तिथे आपले पंधरा! आपले तेव्हाचे पर्यावरण मंत्री कमल नाथ यांनी लेखी विरोध केला, माणसांच्या जिवाची किंमत देशागणिक वेगळी आम्ही मानतच नाही म्हणून. राजकारण्यांवर मी सहसा खूश नसतो, पण तक्ता वाचून भांडणारा मंत्री मला आवडतो.

तुम्हाला एकच विनंती. हवामानामुळे इतके लाख कोटींचं नुकसान अशी बातमी छापता तेव्हा त्याखाली दर किती धरला आणि कोणत्या देशांची माणसं धरली तेही छापा. एक ओळ लागते, जाहिरातीतली कापा हवं तर.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा