सिस्टर, आमच्या नाटकातले सर तुमच्यामुळे उभे राहिले

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठेही छापायचं नाही, श्रेयनामावलीतसुद्धा नाही, असं तुम्ही पहिल्याच भेटीत बजावलं होतंत. ते मी पाळते आहे. पण आभार मानायला तुम्ही मनाई केलेली नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते. हॉस्पिटलवरचं आमचं विनोदी नाटक बघून ज्या डॉक्टरांनी विंगेत येऊन सांगितलं की ‘हे सर अगदी आमच्या सरांसारखे आहेत’, त्यांना कळायलाच हवं की ते सर माझ्या एकटीच्या लेखणीतून उतरलेले नाहीत.

नाटकाचा सांगाडा साधाच आहे. एक कडक युनिट हेड, त्यांच्या हाताखाली चार उनाड शिकाऊ डॉक्टर, एक वॉर्ड आणि एक लांबलचक नाइट ड्युटी. शिस्त आणि वांडपणा समोरासमोर आले की हशा मिळतो, हे रंगभूमीला कधीपासून ठाऊक आहे. संहितेचं वाचन संपल्यावर तुम्ही एकच प्रश्न विचारलात, “हे सर चिडतात कशावर?” मी म्हटलं, सगळ्यावरच. त्यावर तुम्ही म्हणालात, “सगळ्यावर चिडणाऱ्या माणसाकडे वॉर्डात कुणी लक्ष देत नाही. यांना एक काहीतरी द्या, ज्यावर ते कधीच सोडत नाहीत.” आणि संहितेच्याच मागच्या पानावर तुम्ही दोन आकडे लिहिलेत. 1.0 आणि .5.

आमचा अख्खा पहिला अंक आता या दोन आकड्यांवर उभा आहे. 1.0 मधलं टिंब जरा फिकं उमटलं की वाचणारा 10 वाचतो, म्हणजे डोस दहापट. .5 चं टिंब दिसलं नाही की होतात 5, तेही दहापट. म्हणून एक मिलिग्रॅम लिहायचं तर नुसता 1, आणि अर्धा लिहायचा तर आधी शून्य लावून 0.5. इन्सुलिनच्या आकड्याला ‘यू’ हे एकटं इंग्रजी अक्षर चिकटवलं तर घाईत तेही शून्य वाटतं, तेव्हा ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा. हे नियम तुम्ही आम्हाला एखाद्या नव्या बॅचला शिकवावेत तसे शिकवलेत, फळ्यावर लिहून, आणि आमच्या नटांकडून पुन्हा लिहून घेऊन.

रंगमंचावर ते असं झालं. सर केस पेपर हातात घेतात. बराच वेळ काही बोलत नाहीत. मग खिशातलं पेन काढून एका टिंबाभोवती सावकाश गोल काढतात आणि तिथेच राउंड थांबतो. एवढा मोठा माणूस एका टिंबासाठी अडून बसला म्हणून प्रेक्षक मनमोकळं हसतात. हसू ओसरायला लागलं की सर त्या पोराला विचारतात, “रात्री दोन वाजता, एका सिस्टरवर तीस पेशंट असताना, तिने हे दहा वाचलं तर?” नाट्यगृह गप्प होतं. त्यानंतर नाटकात जेव्हा जेव्हा कुणी डोस लिहायला पेन उघडतं, तेव्हा सरांच्या आधी प्रेक्षकच सावरून बसतात, आणि हशा येतो तो त्या धास्तीतून. असा हशा मला आधीच्या कुठल्याही नाटकात मिळाला नव्हता.

सरांची भूमिका करणारा आमचा नट सुरुवातीच्या तालमींत गडगडाटी आवाज लावायचा. तुम्ही त्याला बाजूला घेऊन सांगितलंत की तुम्ही पाहिलेले सगळ्यात कडक सर रागावले की आवाज खाली न्यायचे. ऐकू यावं म्हणून सगळे पुढे सरकायचे आणि आपोआप त्यांच्या तावडीत सापडायचे. आता तो तसंच करतो. शेवटच्या रांगेतली माणसंसुद्धा पुढे झुकतात.

त्याच नटाला तुम्ही हॅल्स्टेड यांची गोष्ट सांगितली होतीत, ती त्याने मनात जपून ठेवली आहे. विल्यम हॅल्स्टेड हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे सर्जन. शिकाऊ सर्जननी वर्षानुवर्षं रुग्णालयातच राहून शिकायचं, ही कडक पद्धत त्यांनी रुजवली. ऑपरेशन थिएटरमधल्या त्यांच्या नर्स कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांना जंतुनाशकासाठी वापरल्या जाणाऱ्या मर्क्युरिक क्लोराइडमुळे त्वचारोग झाला, तेव्हा 1889-90 च्या हिवाळ्यात याच कडक माणसाने गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करून घेतले. 1890 मध्ये दोघांचं लग्न झालं. शस्त्रक्रियेच्या हातमोज्यांचा जंतुसंसर्ग टाळायला किती उपयोग होतो, हे पुढे लक्षात आलं. नाटकात ही गोष्ट कुणी सांगत नाही. पण दुसऱ्या अंकात सर काही न बोलता एका इंटर्नच्या भाजलेल्या बोटाकडे बघतात, तेव्हा त्या नटाच्या डोळ्यांत ती असते.

आता पोरांबद्दल. चारही जण माझ्या संहितेत वांड होते, पण चौघे एकसारखेच. तुम्ही त्यांच्या एप्रनचे खिसे भरायला लावलेत: टॉर्च, रिफ्लेक्सचा हातोडा, दंडाला बांधायचा रबरी पट्टा, आणि घड्या घालून घालून मऊ पडलेला एक कागद. तो कागद तुम्ही स्वतः तयार करून दाखवलात, आणि मी इतकी नाटकं केली पण एवढी बोलकी प्रॉपर्टी माझ्या हातात कधी आली नव्हती. प्रत्येक पेशंटच्या नावापुढे कामं, आणि प्रत्येक कामापुढे एक छोटा चौकोन. चौकोन रिकामा म्हणजे काम बाकी. अर्धा काळा म्हणजे रक्त लॅबला गेलं. पूर्ण काळा म्हणजे रिपोर्ट आला आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. कागद बघून पोरगा ओळखता येतो, असं तुम्ही म्हणालात. त्याप्रमाणे चौघांचे चार कागद झाले. एकीचे चौकोन पट्टीने आखलेले, एकाचे चौकोन कधी भरतच नाहीत, एकाच्या कागदावर कामांपेक्षा चित्रंच जास्त, आणि चौथा काम व्हायच्या आधीच चौकोन काळे करून मोकळा होतो. सर त्या चौथ्याचा कागद मागून घेतात आणि शांतपणे विचारतात, “पोटॅशियम किती?” “नॉर्मल, सर.” “मी आकडा विचारला.” हा प्रवेश तुम्ही आम्हाला जवळजवळ लिहूनच दिलात.

पोरं वांड का वागतात, हेही तुम्हीच दाखवलंत. सलग ड्युटी करून झोपेला आलेली माणसं निरर्थक गोष्टींवर हसत सुटतात, जिन्यावर बसल्या बसल्या झोपतात, एकमेकांच्या खोड्या काढतात. बोलता बोलता लिबी झायनचं नाव निघालं. 1984 मध्ये न्यू यॉर्कमध्ये ही 18 वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांतच गेली, आणि शिकाऊ डॉक्टरांना किती तास राबवायचं हा प्रश्न तिच्या वडिलांनी धसास लावला. 1989 पासून न्यू यॉर्क राज्यात आठवड्याला 80 तास आणि सलग 24 तास अशी मर्यादा आली. 2003 मध्ये 80 तासांची मर्यादा सगळ्या अमेरिकेतल्या प्रशिक्षणाला लागू झाली. आठवड्याचे 80 तास ही सवलत आहे, हे ऐकून आमचे तरुण नट एकमेकांकडे बघत राहिले. त्या दिवसापासून त्यांच्या खोड्यांत थकवा उतरला आणि खोड्या जास्त गोड वाटायला लागल्या.

आता ज्या प्रवेशाला सगळ्यात मोठा हशा मिळतो, त्याविषयी. तो सर्वस्वी तुमचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी 19 मुद्द्यांची एक यादी आणली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं. तो अभ्यास जानेवारी 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या यादीत एक मुद्दा असा आहे की चीर देण्यापूर्वी प्रत्येकाने आपलं नाव आणि आपलं काम मोठ्याने सांगायचं. तुम्ही म्हणालात, “तुमच्या सरांना सांगू द्या की नाव.”

तो प्रवेश आता असा होतो. सगळे नावं सांगतात. सरांची पाळी येते. सर गप्प. थिएटरची सिस्टर हातात यादी घेऊन उभी. “सर, नाव?” “सिस्टर, मी या युनिटचा हेड आहे.” “हो सर. नाव?” त्या शांततेत प्रेक्षक अक्षरशः लोटपोट होतात. शेवटी सर आपलं पूर्ण नाव सांगतात, शाळेत हजेरीला सांगावं तसं. लगेच पुढच्या क्षणी, आजवर त्यांच्यासमोर तोंड न उघडलेली सगळ्यात धाकटी इंटर्न म्हणते, “सर, फिल्म उलटी लावली आहे. डावी बाजू उजवीकडे दिसते आहे.” एकदा स्वतःचं नाव मोठ्याने घेतलं की दुसऱ्यांदा बोलायला घसा मोकळा झालेला असतो, हे तुम्ही आम्हाला समजावलं होतंत. सर फिल्म बघतात, सुलटी लावतात आणि म्हणतात, “थँक यू, डॉक्टर.” नाटकात ते तिला पहिल्यांदाच डॉक्टर म्हणतात.

एका जागी तुम्ही विनोद काढून टाकायला लावलात, आणि त्याचे आभार मी सगळ्यांत जास्त मानते. माझ्या संहितेत असं होतं: हृदय थांबून मॉनिटरवर सरळ रेषा, इंटर्न शॉक देतो, पेशंट उठून बसतो, टाळ्या. सरळ रेषेवर शॉकचा उपयोग नसतो, तिथे छातीवर दाब आणि अॅड्रेनॅलिन, हे तुम्ही सांगितलंत. पण त्याहून महत्त्वाचं पुढचं. 1996 मध्ये अमेरिकन टीव्ही मालिकांवर एक अभ्यास झाला होता. पडद्यावर ज्यांची छाती दाबली गेली, त्यातले 67 टक्के पेशंट बरे होऊन घरी गेल्याचं दिसत होतं. प्रत्यक्षात हे प्रमाण कितीतरी कमी असतं. “आयसीयूच्या दाराबाहेर उभे असलेले नातेवाईक हेच चित्र मनात घेऊन उभे असतात,” एवढंच तुम्ही म्हणालात.

आता तो प्रवेश एका पुतळ्यावर होतो, पडद्याआड, सावल्यांत. मिनिटाला 100 ते 120 दाब, पाच सेंटिमीटर खोल, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. सर मोजतात आणि चौघे वांड पोरं एकामागून एक रांगेत उभी राहतात. संवाद नाही, हशाही नाही. पेशंट वाचत नाही. हे विनोदी नाटक आहे, लोक नाराज होतील, असं आमच्यातल्या काहींना वाटत होतं. तसं झालं नाही. उलट त्यानंतरच्या प्रवेशात पोरं पुन्हा मस्ती करतात तेव्हा प्रेक्षकांना ती हवी असते.

पेशंटवर एकही विनोद राहू दिला नाहीत, त्याबद्दलही आभार. विनोदी नाटकांत खाटेवरचा माणूस म्हणजे हक्काचं गिऱ्हाईक असतो. तुम्ही त्याला नाव द्यायला लावलंत, आणि ‘चार नंबर’ म्हणणाऱ्याला सरांकडून प्रत्येक वेळी टोकायला लावलंत. त्या टोकण्यावर मात्र हशा येतो.

तुम्ही म्हणाला होतात की नाटकात सकाळचा हँडओव्हर, म्हणजे रात्रीच्या माणसांनी दिवसाच्या माणसांकडे पेशंट सोपवणं, नाही आणि तो नसेल तर रात्र संपली असं वाटणार नाही. तो लिहून झाला आहे. संहितेची नवी पानं या पत्राबरोबर तुमच्या घरी पाठवते आहे. नाइटचा इंटर्न ‘बाकी सगळं ठीक’ म्हणतो आणि दिवसाची सिस्टर त्याला जाऊ देत नाही, तिथे ती नेमकं काय विचारेल हे मला तुमच्याकडूनच हवं आहे. येत्या आठवड्यात तालीम आहे, गाडी पाठवते.

आपली,
या नाटकाची लेखिका, आणि सरांसकट सगळा संच