मंत्रिमहोदय, ढिगात हात कोण घालणार?

माननीय ग्राहक व्यवहार मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

काल ग्राहक आयोगात मला अकरावी तारीख मिळाली. सामनेवाल्याचे वकील आले नाहीत, एवढंच कारण. मी आले होते, दिवसाची शिलाई बुडवून.

नवी म्हणून घेतलेली शिलाई मशीन महिन्याभरात बंद पडली. मिस्त्रीने उघडली, तर मोटार आधीच एकदा रिवाइंड केलेली, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळलेली. दुकानदार म्हणतो, ‘तुम्ही बघून घेतली होती.’ मोटारीच्या आतलं मी कसं बघणार होते? आता ती मशीन पुरावा आहे, म्हणून दुरुस्तही करता येत नाही. दोन वर्षं मी दुसऱ्याची मशीन भाड्याने चालवते आहे.

माझ्या अब्बांचं कापडाचं दुकान होतं. थान उलगडलं की आधी विणीतली चूक दाखवायचे, मग भाव सांगायचे. गिऱ्हाईक उठून गेलं की मी चिडायचे. मग ते सांगत, पैगंबरांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजलं, म्हणाला व्यापारी. पैगंबर म्हणाले, मग भिजलेलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं! फसवणारा आमच्यातला नाही. दोष लपवून विकलेला माल परत करायच्या हक्काला आमच्यात खियार-ए-ऐब म्हणतात. कुराणाची ८३वी सूरा तर मापात मारणाऱ्यांच्या धिक्कारानेच सुरू होते.

पण साहेब, मला फसवणाऱ्याच्या गल्ल्यामागेही कुराणातली आयत, म्हणजे वचन, लावलेली होती. म्हणून मी अल्लाच्या भरवशावर न बसता कायद्याकडे आले.

आणि कायदा काय सांगतो? २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाच्या दर्जाची माहिती मिळणं हा माझा हक्क आहे. सामनेवाल्याने ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत म्हणणं मांडायचं. नोटीस मिळाल्यापासून ३ महिन्यांत, तपासणी लागली तर ५ महिन्यांत, निकाल देण्याचा ‘प्रयत्न’ करायचा. या एका ‘प्रयत्न’ शब्दात माझी दोन वर्षं गेली! हा शब्द ठेवताना रोजंदारीवरचं माणूस कोणाच्या डोळ्यांसमोर होतं का?

दरवर्षी २४ डिसेंबरला तुमचं खातं मला जागरूक राहायला सांगतं. बिल घ्या, वाचून घ्या, तक्रार करा. सगळं मीच करायचं. दोष सांगायची जबाबदारी विकणाऱ्याची, हे त्याला दुकानात जाऊन कोण बजावतं? २०२० पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे, स्वतःहून चौकशी करायचा अधिकार त्याला आहे. माझ्यासारखी फसलेली बाई दारात येईपर्यंत कशाला थांबायचं? बाजारात उतरा, ढिगात हात घाला. पूर्वी मुस्लिम राज्यांत मुहतसिब नावाचा अधिकारी वजनंमापं तपासत बाजारात फिरायचा. आजचा निरीक्षक आमच्या बाजारात मी तरी पाहिलेला नाही.

निदान तारखांवर मर्यादा घाला, आणि पुरावा म्हणून अडकलेल्या वस्तूची तपासणी पहिल्या महिन्यात करून ती मोकळी करा. माझी पुढची तारीख दोन महिन्यांनी आहे. सामनेवाल्याचे वकील येतील की नाही, ते मला कोणी सांगितलेलं नाही.

आपली,
एक तक्रारदार शिवणकाम करणारी