ताशी ७१ ची कबुली

पुणे, १६ नोव्हेंबर

प्रिय दिन्या,

परवा फोनवर बोलताना मध्येच तू तुझ्या मेहुण्याला सांगितलंस, "हा गडी गुलमर्गला ताशी ७१ किलोमीटरनं घसरलाय!" मी हूं का चूं केलं नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं, पण धीर झाला नाही. म्हणून हे पत्र. शिवाय जानेवारीत तू पोराला घेऊन तिकडेच निघाला आहेस आणि ‘कुठलं घड्याळ घेऊ’ असं विचारतो आहेस. दोन्ही एकदमच उरकतो.

लेका, ७१ हा आकडा घड्याळानं दाखवला, एवढंच खरं. त्या क्षणी मी बर्फात उताणा पडलो होतो. एक स्की पायात, दुसरी चार हात खाली पाइनच्या झाडाच्या बुंध्याशी. रात्री हॉटेलात, तुम्हा सगळ्यांना त्या आकड्याचा फोटो पाठवून झाल्यावर, मी घड्याळातला वेगाचा ग्राफ मोठा करून पाहिला. सगळी घसरण डोंगररांगेसारखी सावकाश वरखाली, आणि मध्येच एक सुई. त्या सुईची वेळ आणि माझ्या पडण्याची वेळ एकच! झालं असं की घड्याळ उपग्रहांच्या सिग्नलवरून दर सेकंदाला आपली जागा काढतं आणि दोन जागांमधल्या अंतरावरून वेग काढतं. दाट झाडीत सिग्नल आडवेतिडवे आपटून येतात, ठिपका एका सेकंदात वीसेक मीटर उडी मारतो, आणि वीस मीटर सेकंदाला म्हणजे ताशी ७२. माणूस जागचा हललेलाही नसतो. तोवर तुम्हा लोकांचे अंगठे येऊन पडले होते. आता मागे कुठे घेणार?

म्हणून एक सांगतो. घड्याळानं दाखवलेल्या उंचीवर विश्वास ठेव, कमाल वेगावर नको. उंची ते हवेच्या दाबावरून मोजतं. तिथल्या उंचीवर दहा-अकरा मीटर वर गेलं की दाब साधारण एक हेक्टोपास्कलनं (हे दाबाचं माप) उतरतो, आणि तेवढा फरक आतल्या बॅरोमीटरला, म्हणजे दाबमापकाला, सहज कळतो. त्याचीही एक गंमत आहे. एका रात्री हवा बिघडली, दाब पडला, आणि सकाळी उठून बघतो तर मी पांघरुणात झोपल्या झोपल्या तीस मीटर चढलेलो! सकाळी गोंडोलाच्या, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारच्या, तळाशी गेलास की तिथली उंची हातानं घालून टाक, म्हणजे मिटलं.

आता तुला राग येईल अशी गोष्ट. पहिल्यांदा गोंडोलात बसलो तेव्हा घाईत स्कीऐवजी ट्रेकिंगचा मोड लागला. गुलमर्ग २६५० मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा हजार मीटर उंच. गोंडोलाचा पहिला टप्पा तिथून कोंगदूरीला साधारण ३०८० वर नेतो. मी काचेला नाक लावून बसलो होतो आणि घड्याळानं चारशे मीटरची चढाई माझ्या नावावर जमा केली. तू रोज अजिंक्यतारा पायांनी चढतोस! स्कीच्या मोडमध्ये असं होत नाही. उंची सलग कमी होऊ लागली आणि वेग आला की ते ‘रन’, म्हणजे एक घसरण, सुरू झाली असं धरतं, संथपणे वर जाऊ लागलं की लिफ्ट समजून मोजणी थांबवतं. तुला एकही बटण दाबावं लागत नाही.

पण ही हुशारी शिकाऊ माणसाच्या कामाची नाही, हे तुला कोणी सांगणार नाही. पहिले तीन दिवस तू बेबी स्लोपवर असशील. खेकड्यासारखं आडवं आडवं चढायचं, पंचवीस पावलं खाली घसरायचं, पडायचं, पुन्हा चढायचं. एवढासा उतार घड्याळाच्या खिजगणतीत नसतो. माझे ठोके दीडशेवर, बनियन ओलंचिंब, आणि संध्याकाळी हिशेब काय? रन : शून्य. त्याच्या लेखी मी गुलमर्गला आलोच नव्हतो. आमचा उस्ताद, तिथलाच पंचविशीचा पोरगा, माझं मनगट बघून म्हणाला, "साहब, इसको जेब में रखो, घुटने देखो." मी अर्थातच ऐकलं नाही.

खिशात मात्र ठेवू नकोस. थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते. माझा फोन बाहेरच्या खिशात दुपारीच मेला होता, घड्याळ मात्र बाहीखाली कातडीला चिकटून होतं म्हणून संध्याकाळपर्यंत टिकलं. काही जण मिरवायला जॅकेटवरून बांधतात. मग बॅटरीही जाते आणि ठोकेही कळत नाहीत. तसे हात गारठले की कातडीखालचं रक्त कमी होतं आणि ठोक्यांचा आकडा मनगटावरही भरकटतो. तो फार मनावर घेऊ नकोस.

तुझा पोरगा स्नोबोर्ड म्हणतो आहे, तर पडल्याची सूचना देणारी सोय चालू ठेवायची की नाही ते ठरवा. बोर्डवाले शिकताना दाणकन बुडावर बसतात, ते घड्याळाला अपघात वाटतं. माझं घड्याळ त्या झाडाखाली थरथरत विचारत होतं, बरे आहात ना? उत्तर नाही दिलं तर ते ११२ ला फोन लावणार. जाड हातमोज्यात स्क्रीन दाद देईना, मोजा निघेना. शेवटी नाकानं दाबलं. म्हणून सांगतो, बटणंवाल्या घड्याळाला पर्याय नाही. प्रीपेड सिम बाहेरच्या राज्यातलं असेल तर काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड करून घे.

आणि एक गंभीर. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३९५० च्या आसपास जातो. तिथून राखलेल्या उताराबाहेर हिमस्खलनाचा धोका खरा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे एक रशियन स्कीअर दगावला. बर्फाखाली माणूस शोधतात तो ४५७ किलोहर्ट्झवरच्या ट्रान्सीव्हरनं, म्हणजे अंगावर बांधायच्या सिग्नल देण्याघेण्याच्या यंत्रानं, घड्याळानं नाही. उलट शोध घेताना मनगटावरचं घड्याळ त्या यंत्राच्या जवळ आलं तर सिग्नलमध्ये खोडा घालतं. तुम्ही दोघं नवशिके, तिकडे फिरकूच नका. वर जाऊन काश्मिरी कहवा प्या, गोंडोलानंच खाली या.

तर घड्याळ? नवं घेऊ नकोस. सातारा हिल मॅरेथॉनसाठी घेतलेलं ते जाडजूड आहे ना, त्याला बटणं आहेत. बॅरोमीटर आणि स्कीचा मोड आहे का तेवढं बघ. उरलेल्या पैशात उस्तादाचे दोन दिवस वाढव.

मेहुण्याला काय सांगायचं ते तू बघ. सुई काढून टाकली तर माझा सगळ्यात जास्त वेग ३४ होता, कोंगदूरीच्या खालच्या उघड्या पट्ट्यात, आणि तेव्हा मी उभा होतो.

माझे हातमोजे कुरिअरनं पाठवतो आहे. उजव्याचा अंगठा उसवलाय, वहिनींना दोन टाके घालायला सांग.

तुझा,
बाळ्या