सहा घरांसाठी हातभार हवा

सप्रेम नमस्कार,

लालबागच्या आपल्या चाळीत राहणारे, आणि इथून विरार, बदलापूर, डोंबिवलीला गेलेले पण गणपतीला न चुकता येणारे, अशा सगळ्यांसाठी हे आवाहन.

यंदा आपल्या आणि शेजारच्या चाळीतली मिळून सहा घरं अडचणीत आहेत. कुणाची नोकरी गेली, कुणाचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळलाय. प्रत्येक घराला २५ हजार रुपये एकरकमी, रोख द्यायचं मंडळाने ठरवलं आहे. म्हणजे दीड लाख हवेत, तेही जूनमध्ये शाळा उघडायच्या आत.

"पैसे हातात कशाला? शिधा भरून द्या," असं काही जणांनी सुचवलं. त्यांना गेल्या वर्षीचं एक घर सांगतो. नवरा टेम्पो चालवायचा. पाठीचं ऑपरेशन झालं आणि कमाई थांबली. वहिनींच्या हातात आपण २५ हजार ठेवले. त्याच संध्याकाळी जाऊन त्यांनी सावकाराचे ९ हजार फेडले. महिना शेकडा दहाने ९०० रुपये नुसते व्याजात जात होते, आणि या कर्जाचा आपल्यापैकी कुणालाच पत्ता नव्हता. १२ हजार पोटमाळ्याच्या दोन महिन्यांच्या थकलेल्या भाड्याचे. अडीच हजारांत जुनी दोन बर्नरची शेगडी आणि मोठा लोखंडी तवा, कारण ऑफिसवाल्यांना पोळ्या करून द्यायचं त्यांच्या मनात होतं. राहिलेल्या दीड हजारात लेकीचे बूट आणि दप्तर. कुणी मागितला नव्हता, तरी वहीच्या पानावर पेन्सिलीने हा हिशेब लिहून त्यांनी आणून दिला. आज सकाळी सहाला जिन्यात त्यांच्या पोळ्यांचा वास येतो.

धान्य त्यांच्याकडे होतं. रेशनवर माणशी पाच किलो मिळतं. अडलं होतं ते भाड्यापाशी आणि व्याजापाशी. कुठे अडलंय हे त्या घरालाच ठाऊक असतं. १९८२ च्या गिरणी संपात घरातली भांडी मोडीत गेलेली ज्यांना आठवतात, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पैसे दारूत जातील ही भीती मध्य प्रदेशातही होती. २०११ च्या सुमारास 'सेवा' या महिला संघटनेने युनिसेफच्या मदतीने तिथल्या काही गावांत माणशी दरमहा रोख रक्कम दिली. मोठ्यांना आधी २००, मग ३०० रुपये, मुलांना त्याच्या निम्मे. भीती खरी ठरली नाही. पैसा गेला तो खाण्यात, औषधांत, शाळेत, कर्ज फेडण्यात, कुणाच्या शिवणयंत्रात.

ही गणपतीची वर्गणी नव्हे. या निधीची वही वेगळी आहे. शंभर रुपयेही चालतील. जुने कपडे मात्र कृपया आणू नका, ठेवायला जागा नाही. घरांची नावं कमिटीबाहेर जाणार नाहीत, मदत देताना फोटो काढणार नाही. जमा-खर्च दर रविवारी फळ्यावर लागेल.

मंडळाच्या खोलीत रोज संध्याकाळी सात ते नऊ कुणी ना कुणी असतं. बाहेरगावी असाल तर चाळीतल्या नातेवाइकांकडे पैसे द्या. पावती त्यांच्याकडे मिळेल.